लाइनअपची भांडणं : वाचकांचे प्रश्न

बेसबॉलच्या लाइनअपवर, म्हणजे कोण खेळणार आणि कितव्या नंबरला बॅटिंग करणार यावर, या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: मॅनेजरला अक्कल नाही. ज्यांत त्यापुढे काही विचारलं होतं, ती पत्रं इथे घेतली आहेत. शेवटचे दोन प्रश्न टीव्हीसमोरचे नाहीत, मैदानावरचे आहेत. पुण्यात सॉफ्टबॉल खेळणारे आणि खेळवणारे बरेच आहेत, त्यांनी तेवढे तरी वाचावेत.

प्रश्न : डॉजर्सचा घरचा सामना आपल्याकडे सकाळी ७.४० ला सुरू होतो, त्यामुळे हिंजवडीच्या बसमध्ये पहिल्या दोन इनिंग बघून होतात. शोहेई ओतानी सलामीला येतो, बेस रिकामे असताना, म्हणजे बेसवर आपला कोणीच रनर नसताना, होमरन मारतो आणि रन मिळतो एक. तोच चौथा आला असता तर दोन-तीन मिळाले असते. सगळ्यात मोठा फटकेबाज पहिला पाठवणं म्हणजे त्याला वाया घालवणं नाही का? (वाकड)

बेस रिकामे असतील याची खात्री फक्त त्याच्या पहिल्या टर्नला असते. दुसऱ्या टर्नपासून त्याच्या आधी आठवा आणि नववा बॅटर येऊन गेलेले असतात. म्हणूनच शहाणा मॅनेजर नवव्या नंबराला सगळ्यात कच्चा बॅटर टाकत नाही. जो फटका मारत नाही पण वॉक काढून (चार वाइड बॉल सोडून फुकटात) बेसवर पोचतो, अशाला तिथे ठेवतो.

आता मुख्य हिशेब. सामन्याचा शेवटचा बॅटर नऊपैकी कोणत्याही नंबरचा असू शकतो. म्हणजे दर नऊ सामन्यांत साधारण एकदा पहिल्या नंबराला दुसऱ्यापेक्षा एक टर्न जास्त मिळतो. मोसमात सामने १६२, भागिले ९ म्हणजे १८. ऑर्डरमध्ये एक पायरी खाली उतरलात की मोसमात १८ टर्न गेले. पहिल्यावरून चौथ्यावर नेलात तर ५४ गेले, म्हणजे जवळजवळ तेरा सामन्यांची बॅटिंग. ओतानीसारख्या माणसाचे ५४ टर्न कोणाला द्यायचे? २०२४ च्या जूनमध्ये सलामीच्या मूकी बेट्सचा हात मोडला आणि ओतानी सलामीला आला. त्या मोसमात त्याने ५४ होमरन मारले आणि त्याच्या फटक्यांवर १३० रन आले. रिकाम्या बेसचं रडगाणं त्या आकड्यापुढे टिकत नाही.

‘उत्तम बॅटर तिसरा’ ही जुनी चाल मात्र खरोखर महाग पडते. पहिले दोघे शंभरात ३३ वेळा बेसवर पोचत असतील, तर दोघेही आउट होण्याची शक्यता ०.६७ गुणिले ०.६७, म्हणजे ४५ टक्के. जवळपास निम्म्या सामन्यांत तुमचा हिरा पहिल्यांदा येतो तो दोन आउट आणि रिकाम्या बेसवर. चौथा त्या वेळी दुसऱ्या इनिंगची सुरुवात करतो किंवा बेसवर रनर असताना येतो. म्हणून आज चांगले तिघे पहिला, दुसरा आणि चौथा असे लावतात.

एवढं सांगून हेही सांगतो, की बरी ऑर्डर आणि उत्तम ऑर्डर यांतला फरक पूर्ण मोसमात दहा-पंधरा रनांचा. दहा रन म्हणजे ढोबळ मानाने एक विजय. भांडायचं तर ऑर्डरवर कमी आणि त्या नऊ जणांत कोण आहे यावर जास्त भांडा. दोन काल्पनिक बॅटर घ्या. एकाचे ५५० ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे सोडून मोजलेले टर्न) १६० हिट, वॉक फक्त २०, अंगावर बॉल ३ वेळा, सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः आउट होऊन रन आणणारा उंच फटका) ५. ॲव्हरेज ०.२९१, पण ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) ०.३१७. दुसऱ्याचे ५०० मध्ये १२८ हिट, वॉक ८०, अंगावर ५, सॅक्रिफाइस फ्लाय ५. ॲव्हरेज ०.२५६, ऑन-बेस ०.३६१. दुसरा १२ वेळा जास्त बॅटिंगला आला आणि तरी १८ वेळा कमी आउट झाला. सामन्यात आउट २७ च असतात. नऊ जणांत आधी दुसरा.

प्रश्न : २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या फायनलमध्ये) पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, ब्लेक स्नेलला काढणारा मॅनेजर मूर्ख होता, हे आपण एकदा छापावं. (सदाशिव पेठ)

हा प्रश्न नसून हुकूम आहे, तरीही उत्तर देतो. डॉजर्सविरुद्धचा सहावा सामना, स्नेलचा संघ टँपा बे १-० ने पुढे. स्नेलने ५ इनिंग आणि एक आउट टाकलं होतं, ७३ पिच (टाकलेले बॉल), २ हिट, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). नववा नंबर ऑस्टिन बार्न्सने सिंगल (एका बेसचा फटका) काढला आणि मॅनेजर केव्हिन कॅशने स्नेलला काढलं. निक अँडरसन आला, बेट्सने डबल (दोन बेसचा फटका) मारला, वाइल्ड पिचवर (भरकटलेल्या बॉलवर) बरोबरी झाली, पुढच्या ग्राउंडरवर (जमिनीवरच्या फटक्यावर) बेट्सने दुसरा रन काढला. डॉजर्स ३-१ ने जिंकले, सिरीजही गेली.

कॅशच्या डोक्यात काय होतं ते सरळ आहे. बॅटर त्याच पिचरला तिसऱ्यांदा बघतो तेव्हा त्याला बॉलचा वेग, वळण, सोडण्याची जागा सगळं ओळखीचं झालेलं असतं. पिचर न थकतासुद्धा तिसऱ्या फेरीत जास्त मार खातो, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांत दिसतं. बार्न्सनंतर तिसरी फेरी सुरू होत होती. नियम म्हणून यात चूक नाही.

चूक दोन ठिकाणी. ज्या तिघांची तिसरी फेरी येणार होती, ते बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्या दिवशी स्नेलसमोर सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सरासरीचा नियम लावताना समोरचा दिवस बघायचा असतो. दुसरी चूक मोठी, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही: आणलं कोणाला? अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत रन दिले होते. पिचर काढायचा की नाही, हा प्रश्न कधीच एकटा नसतो. ‘दमलेला हा की ताजा तो’ असाच तो विचारायचा असतो, आणि ‘तो’ कोण हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

उलटी चूकही आठवा. २००३, बॉस्टन विरुद्ध यांकीज, अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) फायनलचा सातवा सामना. बॉस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझ आठव्या इनिंगला ५-२ ने पुढे. मॅनेजर ग्रेडी लिट्ल त्याच्याशी बोलून परत गेला, पेड्रो १२३ पिचपर्यंत टिकवला, बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगला यांकीजच्या ॲरन बूनने होमरन मारून सामना संपवला. एकाला काढल्याबद्दल शिव्या, दुसऱ्याला न काढल्याबद्दल. लिट्लची चूक मला मोठी वाटते, कारण त्याच्या बुलपेनने (मागाहून येणाऱ्या पिचरांनी) त्या सिरीजमध्ये चांगलं काम केलं होतं.

प्रश्न : डेझिग्नेटेड हिटर म्हणजे आपला आयपीएलचा इम्पॅक्ट प्लेअरच ना? (एरंडवणे)

नाही. इम्पॅक्ट प्लेअर कधी आणायचा, कोणाच्या जागी, हे कप्तान सामना चालू असताना ठरवतो. डीएच (डेझिग्नेटेड हिटर) पहिल्या बॉलपासून पिचरच्या जागी बॅटिंग करतो, एवढंच. अमेरिकन लीगमध्ये तो १९७३ पासून आहे, दोन्ही लीगमध्ये कायमचा २०२२ पासून. डीएच फील्डिंगला उतरला की संघाची डीएचची सोय संपते आणि बाहेर गेलेल्या फील्डरच्या नंबरावर पिचरला बॅट घ्यावी लागते. दुसरा कॅचर (इथला विकेटकीपर) डीएच म्हणून खेळवायला मॅनेजर कचरतात ते यामुळेच: पहिला कॅचर जखमी झाला तर पंचाईत. २०२२ पासून एक सवलत आली. सुरुवातीचा पिचर स्वतःच डीएच असेल तर पिचिंग सोडल्यावरही तो बॅटिंगला राहू शकतो. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओतानीसाठी ती आली, हे सांगायला नको.

प्रश्न : मेजर लीगच्या संघात २६ खेळाडू, त्यात १३ पिचर. मग बेंचवर चारच माणसं उरतात. चांगला बॅटर खालच्या लीगला पाठवून आठवा रिलीव्हर (मागाहून येणारा पिचर) ठेवायचा, हा कुठला न्याय? (कर्वेनगर)

मुळात १३ पिचर ही वरची मर्यादा आहे. १२ ठेवायला कोणी अडवत नाही, पण जवळजवळ सगळे १३ ठेवतात. पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर. स्टार्टर पाच-सहा इनिंगांत उतरतो, उरलेल्या रोज तीन-चार इनिंग कोणीतरी टाकायच्या, आणि रिलीव्हर लागोपाठ तिसऱ्या दिवशी फारसा वापरता येत नाही. १६२ सामने साधारण १८६ दिवसांत खेळायचे असतात. आठवा माणूस ऐषाराम नाही, तो बाकीच्या सातांचे हात वाचवतो.

बेंचवरच्या चौघांची कामं ठरलेली असतात: दुसरा कॅचर, शॉर्टस्टॉपही (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) खेळू शकेल असा इनफील्डर, सेंटर फील्ड सांभाळणारा आउटफील्डर आणि एक बॅट. तुमच्या लाडक्या बॅटरला फक्त फर्स्ट बेस येत असेल तर तो या चौथ्या खुर्चीसाठीच भांडतोय.

दुसरं कारण कागदावरचं. क्लबकडे ४० जणांची मोठी यादी असते. ज्याचे ‘ऑप्शन’ शिल्लक आहेत त्याला खाली पाठवून परत आणता येतं, असे तीन मोसम मिळतात आणि एका मोसमात जास्तीत जास्त पाच वेळा. बॅटर खाली गेला की किमान १० दिवस, पिचर गेला की १५ दिवस परत बोलावता येत नाही, जखमीच्या जागी आणायचा असेल तरच सूट. ज्याचे ऑप्शन संपलेत त्याला काढायचं तर आधी ४० च्या यादीतून बाहेर काढावं लागतं आणि सात दिवसांत त्याची अदलाबदल किंवा वेव्हर्सचा निर्णय करावा लागतो, म्हणजे तो फुकट दुसऱ्या क्लबकडे जाण्याची भीती. म्हणून दोघांत थोडा कमी चांगला वर राहतो आणि ऑप्शनवाला खाली जातो. न्याय नाही, पण त्यामुळे दोघेही हाताशी राहतात.

सप्टेंबरात यादी २८ ची होते, पिचर १४. प्लेऑफला परत २६.

शेवटच्या खुर्चीला हसू नका. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना १८ इनिंग चालला तेव्हा डॉजर्सच्या बुलपेनमधल्या शेवटच्या माणसांपैकी एक, विल क्लाइन, चार इनिंग एकही रन न देता टाकून गेला. सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला बरोबरीचा होमरन मारणारा मिगेल रोहास हा बेंचवरचा इनफील्डर आणि ऑर्डरमध्ये नववा.

प्रश्न : फॉर्मात असलेल्याला खेळवा, एवढं साधं मॅनेजरला का कळत नाही? (धनकवडी)

कारण पंधरा दिवसांचा फॉर्म बहुतेक वेळा फॉर्म नसतो. ०.२५० चा बॅटर १५ सामन्यांत साधारण ६० ॲट-बॅट खेळतो. अपेक्षा १५ हिटची. निव्वळ योगायोगाने तो आकडा १२ ते १८ च्या दरम्यान कुठेही फिरतो, आणि तीनात एकदा त्याच्याही बाहेर जातो. १२ हिट म्हणजे ०.२००, ‘बाहेर बसवा याला’. १८ हिट म्हणजे ०.३००, ‘याला सलामीला पाठवा’. फरक इकडचे तिकडचे तीन बॉल. एक शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हला चाटून गेला, एक फाउल लाइनच्या आत पडला, एक बॅटच्या दांड्याजवळ लागून इनफील्डच्या डोक्यावरून गेला.

फॉर्म बघायचाच असेल तर हिट मोजू नका. स्ट्राइकआउट वाढलेत का बघा, तो आकडा ॲव्हरेजपेक्षा फार लवकर खरं बोलतो. नेहमीच्या वेगाच्या फास्टबॉलला बॅट उशिरा येतेय का? बाहेरच्या बॉलवर बॅट जातेय का? ही लक्षणं दिसली तर मनगट, बोट, कंबर यांपैकी काहीतरी दुखत असतं आणि खेळाडू सांगत नसतो. तेव्हा त्याला बसवायलाच हवं, अगदी ०.३०० वर असला तरी.

प्रश्न : पहिल्या बेसवर रनर, शून्य आउट. बंट (रनर पुढे सरकावा म्हणून बॅट आडवी धरून बॉल जवळच टाकणं) का करत नाहीत? (निगडी)

त्या स्थितीतून इनिंग संपेपर्यंत सरासरी ०.९ रन होतात. बंट जमला तर दुसऱ्या बेसवर रनर आणि एक आउट, तिथून ०.७. जमलेल्या बंटचा हा भाव, न जमलेल्याचा सोडाच. अपवाद प्लेऑफ सोडून बाकीच्या सामन्यांतल्या एक्स्ट्रा इनिंगचा, जिथे नियमानेच दुसऱ्या बेसवर रनर मिळतो आणि घरच्या संघाला एकच रन हवा असतो. तिथे तिसऱ्या बेसवर रनर आणि एक आउट करून घेणं थोडं फायद्याचं ठरतं, अर्थात बॅटर बंट शिकलेला असेल तर.

प्रश्न : शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ जिल्हा स्पर्धेसाठी बांधतेय. चौदा मुली आहेत, सरावाला आठवडाच आहे. कोणाला कुठे उभं करू? डीपी-फ्लेक्स (दहावी मुलगी घेऊन एकीने बॅटिंग, दुसरीने फील्डिंग करायची सोय) वापरावं का? (क्रीडाशिक्षिका, हडपसर)

आधी पिचर ठरवा, आणि वेगावर ठरवू नका. प्रत्येकीला २० बॉल टाकायला सांगा. ज्यांचे १२ किंवा जास्त स्ट्राइक पडतील त्याच पिचर. शालेय सामने वॉकनी हरले जातात.

त्यानंतर लगेच कॅचर. शॉर्टस्टॉप आधी निवडून उरलेली मुलगी मास्क घालून बसवायची ही नेहमीची चूक. सॉफ्टबॉलमध्ये बॉल हातातून सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, म्हणून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सगळं मोजता येतं. समजा, चपळ रनर ६० फूट साडेतीन सेकंदांत जाते. बॉल प्लेटपर्यंत (बॅटरच्या पुढ्यात) पोचायला ०.६ आणि टॅगला (रनरला बॉल लावायला) ०.३ धरा. कॅचरकडे उरले २.६ सेकंद. प्लेटपासून दुसरा बेस जवळजवळ ८५ फूट. प्रत्येक उमेदवार कॅचरला दहा थ्रो करायला लावा, बॉल ग्लोव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसच्या ग्लोव्हपर्यंत. २.६ च्या आत आणि गुडघ्याच्या उंचीवर पाच तरी पडले पाहिजेत. एक टप्पा पडून आला तरी चालेल, सेंटर फील्डला गेलेला नको. कोणीच बसत नसेल तर स्टील (रनरने बेस चोरणं) थांबवण्याचा नाद सोडा आणि जी बॉल मागे जाऊ देत नाही ती घ्या.

मग शॉर्टस्टॉप आणि सेंटर फील्ड. डावखुरी असेल तर फर्स्ट बेस किंवा आउटफील्ड. इतर इनफील्डमध्ये तिला फर्स्ट बेसला फेकायला अंग वळवावं लागतं आणि तेवढ्यात रनर पोचते. राइट फील्डला सगळ्यात कच्ची मुलगी ठेवायची सवय मोडा. या वयात बॅट उशिरा येते, त्यामुळे उजव्या हाताच्या बॅटरचे बॉल तिकडेच जातात.

ऑर्डर साधी: जी सरावात जास्त वेळा बेसवर पोचते ती वर, तशीच उतरती. सात इनिंगांचा सामना असतो, खालच्या तिघींना बहुतेकदा दोन-तीनच टर्न मिळतात.

डीपी-फ्लेक्स जरूर वापरा, पण लाइनअपचं कार्ड भरतानाच. फ्लेक्स दहाव्या ओळीवर लिहायची, डीपी नऊपैकी कोणत्याही नंबरावर. फ्लेक्स फील्डिंग करते, बॅटिंग करायची झाली तर फक्त डीपीच्याच जागी. डीपी मात्र कोणाच्याही जागी फील्डिंगला जाऊ शकते. फ्लेक्सच्या जागी गेली तर फ्लेक्स बाहेर आणि संघ नऊ जणींचा. सुरुवातीची खेळाडू बाहेर गेली तर एकदा परत येऊ शकते, पण स्वतःच्याच बॅटिंग नंबरावर. हे बेसबॉलमध्ये अजिबात चालत नाही, म्हणून टीव्ही बघून आलेल्या पालकांशी वाद घालू नका. स्पर्धेचे स्थानिक नियम पंचांना सामन्याआधी विचारून घ्या.

सामने कार्डावर हरतात. संघात दोन जाधव असतील तर आडनावाआधी आद्याक्षर आणि पुढे जर्सी नंबर. कार्ड भरून झालं की जर्सी बदलू द्यायच्या नाहीत. पाचवीचा नंबर असताना सहावी गेली आणि डबल मारून आली, असं समजा. पुढच्या बॅटरला बॉल पडायच्या आत समोरच्या संघाने दाद मागितली तर पाचवी आउट, डबल रद्द, आणि सहावी पुन्हा बॅटिंगला. बॉल पडून गेला तर डबल कायम, पुढची सातवी, पाचवीचा टर्न गेला. सहावीची बॅटिंग चालू असतानाच तुमच्या लक्षात आलं तर पाचवीला पाठवा, तोच काउंट (स्ट्राइक आणि बॉलची मोजणी) पुढे चालतो, दंड नाही. एक राखीव मुलगी फक्त कार्ड धरून बसवा. तिचं काम एकच, पुढची कोण ते ओरडून सांगणं.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, बेसबॉल पिचर. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत कोच त्याला दोन्ही दिवस टाकायला लावतात आणि मधल्या सामन्यात कॅचर करतात. चालेल? (बाणेर)

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनात १३-१४ वयाला दिवसाला कमाल ९५ पिच. पण खरा आकडा विश्रांतीचा: २० पर्यंत असतील तर दुसऱ्या दिवशी चालतं, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ आणि पुढे चार दिवस. शनिवारी ६० टाकले तर तो थेट बुधवारी. वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग नकोत आणि चार महिने फेकणं बंद. पावसाळ्यात मैदान बंद असतं ती आयती सुट्टी आहे, ती हॉलमध्ये नेट लावून घालवू नका.

पिचिंगनंतर कॅचर करणं यापेक्षा वाईट. कॅचर प्रत्येक पिचनंतर बॉल परत फेकतो, हाताला विसावा मिळतच नाही. लिट्ल लीगच्या नियमात ४१ पिच टाकलेला मुलगा त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून वाढत असतं आणि स्नायू नव्हे, तीच वाढीची जागा आधी दुखावते. तिथे दुखलं की त्या दिवशीचं फेकणं बंद, गोळी देऊन पुढची इनिंग नाही.

कोचशी वाद घालण्यापेक्षा वहीवर पिच मोजायला एक पालक बसवा. रविवारच्या फायनलला तोच पिचर हवा असेल तर शनिवारी पंधराव्या बॉलला बुलपेनमध्ये दुसऱ्याला उठवायला सांगा. विसाव्या बॉलला उठवलेला मुलगा अंग मोकळं न करता येतो आणि पहिल्या दोघांना वॉक देतो, मग कोच पहिल्यालाच परत मागतात.